तेल धुवायला घातलं आहे

१२ नोव्हेंबर

झालं एकदाचं. घाटकचेरीचा माणूस आला आणि बोटीच्या खांबाला नोटीस डकवून गेला. इंजिनाचा धूर फार काळा. जानेवारीत तपासणी. तोवर नवं इंजिन बसवा, नाहीतर आहे त्याचा धूर कमी करून दाखवा, नाहीतर फेरी बंद.

नवं इंजिन म्हणे. जसं काही भाजीची जुडी आहे, पिशवीत घातली आणि आणली.

ह्यांनी नोटीस वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चहा टाकतेस का जरा?" एवढंच. रागावले असते, आदळआपट केली असती, तर मला हायसं वाटलं असतं. चेहऱ्यावर काहीतरी विचित्रच होतं — हसल्यासारखं. जबर धक्का बसला की माणूस असा दिसत असावा.

१३ नोव्हेंबर

मुलाला फोन केला. त्याला काही दुःख नाही. "बरं झालं आई. आता तरी इकडे राहायला या. खोली रिकामीच आहे." मी म्हटलं, तुझ्या बाबांना तिथे आठव्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर महिन्यात वाळून जातील. तर म्हणतो, "बाबांना विचारलंस का?"

विचारायचं काय त्यात? मासळीला कुणी विचारतं का, तुला टोपलीत यायचंय का म्हणून?

त्याला नाही कळायचं. बोट माझ्या वडिलांची, मी एकुलती एक, म्हणून माझ्याकडे आली. पण ती बोट झाली खरी ह्यांची. लग्न झालं तेव्हा वडील म्हणाले, जावयाला इंजिनाच्या खड्ड्यात उतरवणं बरं दिसत नाही. म्हणून चाक ह्यांच्या हाती दिलं आणि मी खाली गेले. त्याआधी चाक मीच धरायची. असो. खाली गेले ती तिथलीच झाले. इंजिन कुणी शिकवलं नाही, खोलून खोलून शिकले. ह्यांनी मात्र त्या चाकाशी जन्माची गाठ बांधली. इतक्या वर्षांत हा माणूस चाक सोडून कधी कठड्याशी आला नाही, पाण्यात पाय सोडून बसला नाही, काठाकाठाने भटकला नाही. समोरच्या धक्क्यावर नजर, हात चाकावर. इतकी निष्ठा मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

फेरी बंद झाली तर हे जगायचे नाहीत. हे मी इथेच लिहून ठेवते, मोठ्याने बोलवत नाही.

१७ नोव्हेंबर

पलीकडच्या शाळेत रसायन शिकवणाऱ्या बाई रोज आपल्याच बोटीने जातात. आज खड्ड्यात वाकून म्हणाल्या, "काकू, तुमच्या काठावर करंजाची झाडं किती आहेत, मोजलीत कधी?" कशाला मोजू? शेंगा पडतात, सडतात, पायाखाली करकरतात. बिया इतक्या कडू की शेळीसुद्धा वास घेऊन पुढे जाते. तर बाई म्हणाल्या, त्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल होतं. नुसतं तेल इंजिनाला जड पडतं, पण त्यावर थोडे संस्कार केले की पातळ होतं, डिझेलच्या जागी चालतं, धूर कमी.

खायचं तेल जाळायला माझा जीव झाला नसता. पण जे शेळी खात नाही ते इंजिनाने खाल्लं तर कुणाच्या तोंडचं काय जातंय?

सगळी कृती विचारून घेतली. बाई सांगत होत्या, मी मान डोलवत होते. अर्धं इंजिनाच्या आवाजात गेलं. विचार केला, मुद्दा कळला म्हणजे झालं.

२४ नोव्हेंबर

बिया झाल्या गोळा. मी, वन्सं आणि रोजचे प्रवासी. तिकडचा शिंपी तर बोटीची वाट बघता बघता टोपीत भरून आणतो. "काकू, ही माझी परतीची फेरी समजा," म्हणतो.

घाणेवाला मात्र आढेवेढे घेत होता. "काकू, ह्या कडू जिनसाने माझा घाणा बाटेल. उद्या शेंगदाणे घातले तर गिऱ्हाईक मला कडू म्हणेल." मी म्हटलं, घाणा स्वच्छ करून देते. देते म्हणजे वन्संनी दिला. माझ्या ह्या नणंदबाईंनी उभी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. धुण्याचं काम दुसऱ्याने केलेलं त्यांना खपत नाही. माझ्या हातचा रुमालसुद्धा पुन्हा धुतात, माझ्या देखत. त्यांनी घाणा उकळत्या सोड्याने असा काही घासला की घाणेवाल्याला तो ओळखू येईना.

तेल छान निघालं. काळपट, दाट, वास असा की डोकं धरावं.

२६ नोव्हेंबर

घाणेवाल्याच्या गिऱ्हाइकाच्या भाजीला फेस आला म्हणे.

१ डिसेंबर

पहिली खेप घातली. परसात, उघड्यावर, चुलीपासून लांब — मिथेनॉल म्हणजे विष आणि वर भडका. तोंडाला फडकं, हातात मोजे. आधी तेल गरम करून उतरवलं, मग मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात ओतला, ढवळलं. आता नुसतं ठेवायचं. बाई म्हणाल्या होत्या, दोन थर होतात — खाली दाट काळं ग्लिसरीन, वर पिवळं बायोडिझेल.

ठेवलं आहे. तासातासाने डोकावते. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, अंडी उबवायला बसल्यासारख्या काय बसलाय?"

२ डिसेंबर

थर एकच झाला. पिंप आडवं केलं तरी हलेना. पळी रोवली तर उभी राहिली!

बाईंना बोलावलं. त्यांनी बोट लावलं, पाण्यात चोळलं, फेस आला. "काकू, हा साबण आहे. करंजाच्या तेलात आम्ल फार. आधी आम्लाची प्रक्रिया करून घ्यायची, मग सोडा. मी सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा सांगितलं होतं."

सांगितलं असणार. मी मान डोलवत होते ना.

पिंपभर साबण. आणि त्या पिंपाभोवती वन्सं अशा फिरत होत्या जशी काही लॉटरी लागली आहे. सुरीने वड्या पाडायला लागल्यासुद्धा.

हे जेवताना म्हणाले, "राहू दे ना अगं. नसेल व्हायचं. मुलाकडे जाऊन राहू." बोलताना दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. माझ्यासाठी उसनं अवसान आणतात ते मला दिसत नाही का? आत तुटत असतील. आता तर हे केल्यावाचून मी राहायची नाही.

५ डिसेंबर

सगळी आळी आमच्या साबणाने आंघोळ करते आहे. शिंपी म्हणतो, डास लांब पळतात. त्याची बायकोही लांब बसते, ते त्याने नंतर सांगितलं.

९ डिसेंबर

जमलं! ह्या खेपेला बाई सुट्टी घेऊन आल्या. आधी आम्ल, मग थांबणं, मग सोडा. प्रत्येक पायरीला "काकू, हात मागे" म्हणत होत्या. मीही हात मागे ठेवले. संध्याकाळपर्यंत बरणीत स्वच्छ दोन थर. वरचा मधासारखा, उजेडाकडे धरला तर पलीकडचं झाड दिसावं. मला भरूनच आलं. खालचं काळं काढून टाकलं.

आता दोनच कामं राहिली. तेल धुवायचं आणि वाळवायचं. असंच म्हणतात त्याला. कोमट पाणी हलकेच घालायचं, तळाशी बसलं की सोडून द्यायचं, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा. मग थोडं गरम करून उरलेलं पाणी उडवायचं. शहाण्या लोकांनी नावं चांगली घरगुती ठेवली आहेत, मला आवडली.

११ डिसेंबर

काय लिहू.

सकाळी बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं म्हणून मला फेरीच्या वेळेआधीच धक्क्यावर जावं लागलं. निघता निघता वन्संना म्हटलं, "वन्सं, तेवढं तेल दोनदा धुऊन ठेवाल का? वाळवायचं मी आल्यावर बघते."

"अहो त्यात काय विचारायचं," त्या म्हणाल्या. पदरसुद्धा खोचला. मी निर्धास्त गेले.

परत आले तर परसात निळा डोंगर. पिंपातून फेस वर आलेला, पायरीवर उतरलेला, तुळस-बिळस सगळं निळं. आणि वन्सं घामाघूम होऊन लाकडी दांड्याने घुसळताहेत.

"वन्सं, हे काय?"

"धुतलं ना. पहिल्या पाण्यात पावडर घातली. मळ काय निघाला म्हणता! दुसऱ्या पाण्यात नीळ दिली."

"नीळ?"

"पिवळं पडलं होतं ना वहिनी. नीळ दिल्याशिवाय पिवळेपणा जातो होय कधी?"

मी पायरीवर बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या, काम चोख झाल्यावर माणूस बघतो तसं. मग घाबरतच म्हणाल्या, "वाळत कसं घालणार होता, ते मात्र मला कळलं नाही. म्हणून तसंच ठेवलंय."

ओरडणार होते. पण चूक कुणाची? ज्यांनी जन्मभर चादरी धुतल्या त्यांना मी सांगितलं, तेल धुवा. त्यांनी धुतलं. जीव लावून धुतलं.

१२ डिसेंबर

बाई आल्या. पिंपात बोट बुडवलं, निळं होऊन बाहेर आलं. मग म्हणाल्या, "याला इमल्शन म्हणतात."

वन्सं म्हणाल्या, "आम्ही धुणं म्हणतो."

तेल आणि पाणी एकमेकांत असे घुसले आहेत की वेगळे व्हायला तयार नाहीत. बाईंनी उपाय सांगितला — मीठ घाला, कोमट ठेवा आणि त्याला हात लावू नका. "कोणीही," असं म्हणून वन्संकडे पाहिलं. वन्सं आत जाऊन कपाटाशी काहीतरी आवरत बसल्या. डोळे पुसत असाव्यात. मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, वन्सं, डाग निघायला वेळ लागतो, तुम्हीच सांगता ना. तर म्हणाल्या, "मीठ मी आधीच घालणार होते, रंग पक्का व्हायला."

हे आज दिवसभर गुणगुणत होते. ह्यांचा गळा मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला असेन. दुःख असं बाहेर पडतं माणसाचं. मला बघवेना.

१६ डिसेंबर

सुटलं! पाणी खाली, तेल वर. बाईंच्या देखरेखीखाली नुसत्या पाण्याने पुन्हा धुतलं, पाणी नितळ येईपर्यंत. मग वाळवलं. फक्त रंग — पिवळ्यात निळं मिसळून हिरवंगार झालं आहे. बाईंनी बरणी उजेडाकडे धरली, हलवली, हुंगली. म्हणाल्या, "हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण चालायला हरकत नसावी."

वन्सं म्हणाल्या, "पिवळेपणा गेला की नाही?"

२० डिसेंबर

आज हिरवं तेल टाकीत घातलं आणि पहिल्याच फेरीला सगळे चढले. नुसतं बघायला. शिंपी शिलाई मशीन घेऊन चढला, काही काम नसताना. हँडल मारलं, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. आवाज मऊ. धूर म्हणाल तर थंडीत माणसाच्या तोंडची वाफ निघते तेवढाच. वास तेवढा कडू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं पलीकडच्या धक्क्यापर्यंत मान ताठ करून बसल्या.

जाताना. येताना मध्यावर इंजिन बंद पडलं.

बाईंनी हेही सांगितलं होतं. हे तेल टाकी घासून काढतं. वर्षानुवर्षांचा डिझेलचा गाळ तळाशी निवांत बसला होता, तो ह्या तेलाने उठवला आणि फिल्टरमध्ये नेऊन कोंबला. वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे धुतलंच ना? मग मला काय बोलत होता?"

बोट आपली वाहायला लागली, आडवी. कुणी म्हणालं, आता समुद्राला भेटून येऊ. शिंपी म्हणाला, "मला तिकडचं तिकीट नाही, काकू." मी खड्ड्यात पालथी पडून फिल्टर सोडवत होते. आतला गाळ म्हणजे काळा चीक. नवा बसवला, हवा काढली, हँडल मारलं.

वर आले तेव्हा ह्यांच्याकडे लक्ष गेलं. दोन्ही हातांनी चाक आवळलेलं, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. सगळी बोट हसते आहे आणि हा माणूस नदीशी काहीतरी बोलतो आहे. निरोप घेत असावेत, बंद झाली म्हणून. मी हळूच म्हटलं, "अहो, लागलं इंजिन." ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं — कसं ते सांगता येणार नाही. मी दुसरीकडे बघितलं.

२३ डिसेंबर

टाकी उतरवून आतून खरवडली. वन्सं म्हणाल्या, मी धुऊ का? म्हटलं, धुवा. पावडर, नीळ, काय हवं ते घाला. फक्त वाळल्याशिवाय देऊ नका. दुपारभर आतून आवाज येत होता, शेजाऱ्यांना वाटलं घरात लोहार बसवलाय.

रबरी नळ्या मऊ पडल्या होत्या, त्याही बदलल्या. रबर मानवत नाही ह्या तेलाला.

३० डिसेंबर

थंडी वाढली आणि तेल गोठलं. सकाळी डबा उपडा केला तरी थेंब नाही. आता बाईंना काय विचारायचं, सांगून ठेवलं असणारच. विचारलं. सांगून ठेवलं होतं.

तपासणी सकाळची आहे. म्हणजे तेल सकाळी पातळ हवं. वन्संनी डबा दोन गोधड्यांत गुंडाळला. तरी कुठे ठेवायचा? घरात ऊब एकाच जागी — ह्यांच्या पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला. डबा तिथे निजतो आहे. हे खुर्चीवर.

"अगं, मी कुठे निजू?" म्हणाले. म्हटलं, तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं. उशी उचलून खुर्चीकडे गेले बिचारे. त्यांना कळतं सगळं, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

४ जानेवारी

मुलाचा फोन. खोलीला रंग दिला म्हणे, पांढरा. "बाबांनी सांगितला." मी म्हटलं, बाबा तुझं मन राखायला म्हणाले असतील.

८ जानेवारी

तपासणी झाली. नीट लिहून काढते, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटणार नाही.

तपासनीस घाटकचेरीच्या स्वतःच्या लाँचने आला. तरुण, मवाळ बोलणारा, यंत्राची पेटी छातीशी धरलेला. आमचं तेल डब्यातून ओतलं तेव्हा ते ऊबदार होतं, वाफ निघते की काय असं वाटलं. रंग बघून तो म्हणाला, "हे काय आहे?" वन्सं म्हणाल्या, "धुतलेलं आहे, काळजी करू नका."

इंजिन चालू केलं. त्याने धुराच्या नळीत यंत्राची दांडी घातली. काटा हलेना. म्हणाला, "आजी, इंजिन चालू करा ना." म्हटलं, चालूच आहे. त्याने वाकून खड्ड्यात पाहिलं, हात लावून पाहिलं, चटका बसला. मग म्हणाला, यंत्र बिघडलं असणार. पेटीवर टपल्या मारल्या. वन्संनी ती पुसायला मागितली, दिली नाही.

शेवटी म्हणाला, खात्री करून घेतो. यंत्र घेऊन स्वतःच्या लाँचवर गेला, तिथे दांडी घातली. काटा पार टोकाला जाऊन थरथरायला लागला. त्याने पुन्हा घातली. पुन्हा तेच. त्याने आकडा वहीत लिहिला. मग निमूटपणे पिशवीतून नोटीस काढली, भरली आणि आपल्याच लाँचच्या खांबाला डकवली. लाँचवाला म्हणाला, "साहेब, मग जायचं कसं?"

"नियमाने आता ही हलवता येत नाही," म्हणाला. अगदी खरा माणूस. मला फार आवडला.

आम्हीच त्याला पलीकडे सोडलं. बोटीतच त्याने परवान्यावर शिक्का मारला. पाच वर्षं. पाच वर्षं फेरी चालू! बाईंनी माझा हात धरला, शिंपी नाचायला उठला तशी बोट कलली, सगळ्यांनी त्याला खाली बसवला.

मी चाकाशी गेले, परवाना ह्यांच्या डोळ्यांपुढे धरला. हे धक्क्याकडेच बघत होते. म्हणाले, "पाचच वर्षांचा असतो का? एखाद्या वर्षाचा नाही देत?"

तपासनीस म्हणाला, "कमी नाही करता येत, आजोबा. वाढवून मात्र घेता येतो."

आनंदाने शब्द सुचेनात माणसाला. घरी आल्यावर जेवलेसुद्धा नाहीत.

९ जानेवारी

आजही जेवले नाहीत. पलंग मोकळा करून दिला तरी खुर्चीतच बसून आहेत. वन्सं म्हणाल्या, "दादाला दृष्ट लागली असेल." मी म्हटलं, ताप बघा आधी. ताप नाही.

१० जानेवारी

सकाळी चहा दिला तेव्हा बोलले. कपाकडे बघत. मला पोहता येत नाही, म्हणाले. पाण्याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून. रोज.

मग पत्करलंत कशाला, मी विचारलं. तर लग्न ठरवायला घरी आले तेव्हा उन्हातून चालत आले होते. माझ्या वडिलांनी विचारलं, "पाणी चालेल ना?" हे म्हणाले, "चालेल की, आवडेल." वडिलांनी मिठीच मारली आणि ह्यांना थेट बोटीवर नेलं. तांब्या काही आला नाही. "नंतर सांगणार होतो. पण तू खाली इंजिनाशी इतकी खुशीत दिसायचीस."

मी हसत सुटले. मग मला चाक आठवलं आणि हसू येईना.

म्हटलं, उद्यापासून चाक मी धरते. हे "नको, कशाला" इतकंसुद्धा म्हणाले नाहीत. खालच्या खड्ड्यातून पाणी दिसतं का, एवढंच विचारलं.